परिपूर्णतेचा आग्रह, चिंता आणि विषाद : संवादोपचारांची तौलनिक समीक्षा

तथागत हे जगातील पहिले मानसोपचारतज्ज्ञ होत, असे विधान आपल्या नियतकालिकांतून आणि धम्मप्रवचनांतून वारंवार केले जाते. विधान करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. तरीही त्यात एक घोटाळा आहे. पश्चिमेतील मानसोपचार ही काही एकसंध वस्तू नव्हे. औषधाऐवजी वा औषधाच्या जोडीने केवळ बोलण्यातून केले जाणारे जे उपचार आहेत, ज्यांना आपण येथे संवादोपचार म्हणू, त्यांच्यामध्येच परस्परांशी न पटणारे अनेक पंथ आहेत. एकाचे म्हणणे असे की रुग्णाचा विचार चुकला आहे; दुसऱ्याचे असे की त्याची नाती बिघडली आहेत; तिसरा म्हणतो की विचाराशी झगडूच नये, त्याच्याकडे पाहावे. या तिघांपैकी तथागतांचे नाते नेमके कोणाशी जोडावयाचे, हे ठरविल्याखेरीज वरील विधानाला अर्थ प्राप्त होत नाही. ही तुलना सर्वच मनोविकारांच्या बाबतीत करणे एका लेखात अशक्य आहे. म्हणून चिंता आणि विषाद यांच्या सोबतीने वावरणारा, पण ज्याला विकार म्हणण्यास आपला समाज तयार नसतो, असा एकच विषय येथे घेतला आहे. तो विषय म्हणजे परिपूर्णतेचा आग्रह.

ही तुलना हवेत होऊ नये म्हणून एक गाव डोळ्यांसमोर ठेवू. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी, गोसीखुर्द येथे २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते धरणाचे भूमिपूजन झाले. प्रारंभी सुमारे ३७२ कोटी रुपयांचा असलेला हा प्रकल्प २००९ साली राष्ट्रीय प्रकल्प म्हणून घोषित झाला, आणि त्याचा खर्च पुढे हजारो कोटींवर गेला. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतील गावेच्या गावे उठली. धानाची बांधी गेली, नदीवर जगणाऱ्यांची नदी बदलली, मोबदला आणि पुनर्वसन यांसाठी वर्षानुवर्षे आंदोलने झाली. या इतिहासाची राजकीय व आर्थिक बाजू अनेकांनी मांडली आहे. तिची मानसिक बाजू मात्र फारशी कोणी मांडलेली दिसत नाही. प्रकल्पग्रस्तांना शासकीय सेवेतील कनिष्ठ पदांवर ५ टक्के समांतर आरक्षण आहे. पण त्यासाठीचा दाखला कुटुंबातील एकाच व्यक्तीच्या नावे मिळतो. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. शेत गेले सर्वांचे, घर गेले सर्वांचे, आणि त्याच्या बदल्यात मिळालेली जी एक संधी, ती एका मुलाच्या किंवा मुलीच्या माथी. त्या एकाने परीक्षा उत्तीर्ण व्हावयाची, तीही पहिल्या काही क्रमांकांत. मोबदल्याची रक्कम लग्नकार्यात, आजारपणात आणि घरबांधणीत संपलेली असते. अशा घरातील तरुण पहाटे चारला उठून अभ्यासिकेत जातो, एका चुकलेल्या प्रश्नासाठी रात्रभर जागतो, अर्ज भरताना दहादा खोडतो आणि शेवटी परीक्षेच्या दिवशी घरीच झोपून राहतो. घरची माणसे म्हणतात, पोरगा आळशी झाला. वस्तुस्थिती नेमकी याच्या उलट असू शकते.

आधी व्याख्या पाहू. कॅनडातील पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये परिपूर्णतेच्या आग्रहाचे तीन प्रकार मांडले : माणूस स्वतःकडून निर्दोषत्वाची अपेक्षा करतो तो पहिला, इतरांकडून करतो तो दुसरा, आणि इतर लोक आपल्याकडून निर्दोषत्वाची अपेक्षा करीत आहेत असे ज्याला वाटते तो तिसरा. पुढे २००२ मध्ये रॉझ शाफ्रन, झाफ्रा कूपर आणि क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी याचे वैद्यकीय दृष्टीने उपयोगी असे लक्षण सांगितले. ध्येय उंच असणे हा दोष नव्हे. आपली सारी किंमत त्या ध्येयाच्या प्राप्तीवर टांगून ठेवणे, आणि शरीर-मनाची हानी होत असतानाही ते न सोडणे, हा दोष. या भेदाकडे आपल्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. कारण कष्टाळूपणावर टीका होते आहे असा समज झाला, तर पुढील विवेचन व्यर्थ जाईल.

हा आग्रह चिंतेला आणि विषादाला कसा पोसतो, तेही उघड आहे. परीक्षेआधी तो चूक होईल या भयाने मनाला जाळतो, ती चिंता. परीक्षेनंतर तो झालेल्या चुकीवरून माणसाला नालायक ठरवितो, तो विषाद. आणि चुकून यश मिळालेच तर मापदंड अपुरा होता असे म्हणून तो मापदंडच वर सरकवितो. त्यामुळे अपयश आणि यश दोन्हींतून तो टिकून राहतो. थॉमस करन व अँड्र्यू हिल यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संकलनात अमेरिका, कॅनडा व ब्रिटन येथील विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातील मापने एकत्र केली. तिन्ही प्रकार वाढले होते, आणि सर्वांत जास्त वाढला होता तो तिसरा, समाजाकडून लादलेला. आपल्याकडे अशी तुलना कोणी केल्याचे प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.

आता उपचारांकडे वळू. महाराष्ट्रात या बाबतीत पहिला मान द्यावयाचा तो अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचारास. एलिस यांनी १९५५ च्या सुमारास ही पद्धत मांडली. प्रत्येक कामात पूर्णपणे सक्षम असल्याखेरीज माणसाला किंमत नाही, ही समजूत त्यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात अविवेकी कल्पनांच्या यादीत घातली. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार करून हे शास्त्र आत्मसात केले आणि मराठीत आणले. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेने ते हजारो सामान्य माणसांपर्यंत नेले, आणि त्यांचे ‘स्वभाव-विभाव’ हे पुस्तक तर घराघरांत वाचले गेले. मराठीला हे शास्त्र मानवते, याला भाषेचेही एक कारण आहे. एलिस ज्या हट्टी मागणीवर बोट ठेवतात, ती मराठीत एका ‘च’मध्ये मावते. ‘मला उत्तीर्ण व्हायला आवडेल’ आणि ‘मी उत्तीर्ण झालोच पाहिजे’ या दोन वाक्यांतील अंतर खेड्यातील आजीलाही समजावून द्यावे लागत नाही.

एलिस यांचे दुसरे सूत्र बौद्ध वाचकाला अधिक जवळचे वाटेल. माणसाच्या कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका, असे त्यांचे सांगणे आहे. कारण ‘मी’ म्हणून ज्याला एकरकमी गुण देता येतील अशी स्थिर वस्तूच नाही. अनात्मवादाच्या इतके जवळ पश्चिमेतील फार थोडे उपचारक आले आहेत. तरीही या पद्धतीची एक मर्यादा सांगावीच लागेल. अपयश आले तर ते वाईट, पण भयंकर नव्हे, असे एलिसवादी उपचारक रुग्णाला पटवितो. शहरातील नोकरदाराच्या पदोन्नतीबाबत हे पटते. ज्याच्या घराचे शेत पाण्याखाली आहे आणि ज्याच्या एका दाखल्यावर तीन भावंडांचे भवितव्य आहे, त्याला ‘हे भयंकर नव्हे’ असे सांगणारा माणूस मूर्ख तरी वाटेल किंवा निष्ठुर तरी. एलिस यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. व्यावहारिक अडचण आणि तिच्याविषयीचा भावनिक क्षोभ या दोहोंत ते काटेकोर भेद करतात. परंतु मराठीत या शास्त्राचा जो वाचकवर्ग तयार झाला तो मुख्यतः शहरी आणि मध्यमवर्गीय, आणि त्यामुळे हा भेद प्रत्यक्षात पुसट झाला, असे माझे मत आहे.

ॲरन बेक यांची बोधात्मक वर्तनोपचार पद्धती याच कुळातली, पण स्वभावाने अधिक सौम्य. एलिस वाद घालतात, बेक विचारतात. रुग्णाचा विचार हा एक अंदाज समजून त्याची पडताळणी करावयाची, ही बेक यांची रीत. परिपूर्णतेच्या आग्रहासाठी शाफ्रन, सारा एगन आणि ट्रेसी वेड यांनी तिचाच विस्तार केला. मुद्दाम थोडे कमी करून पाहावयाचे आणि आकाश कोसळते का ते नोंदवावयाचे, हा त्यातील गाभा. उत्तरपत्रिका तीनदा तपासणाऱ्याने ती एकदाच तपासावी. पूर्ण पाठ झाल्याखेरीज चर्चेत तोंड न उघडणाऱ्याने अर्धवट माहितीवर एक प्रश्न विचारावा. या पद्धतीच्या बाजूने सर्वाधिक पुरावा आहे. यादृच्छिक चाचण्यांचा २०२२ मधील आढावा सांगतो की तिने परिपूर्णतेचा आग्रह स्पष्टपणे कमी होतो, विषाद मध्यम प्रमाणात उतरतो, आणि चिंता त्याहून काहीशी कमी उतरते. एका विशिष्ट स्वभावदोषावर उपचार केल्याने सोबतचे दोन विकारही सैल पडतात, ही बाब महत्त्वाची आहे. पण यांतील बऱ्याच चाचण्यांत तुलना होती ती प्रतीक्षायादीवरील माणसांशी, म्हणजे कोणताच उपचार न मिळालेल्यांशी. दोन संवादोपचार समोरासमोर ठेवून केलेल्या चाचण्या मूठभरच आहेत.

समोरासमोर तुलना पाहावयाची तर थोडे मागे जाऊन, विषादासाठी झालेल्या एका मोठ्या अमेरिकी प्रयोगाकडे पाहावे लागते. आणि माझ्या मते या संपूर्ण विषयातील सर्वांत बोधप्रद कागद तोच आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने विषादाच्या २५० रुग्णांना चार गटांत विभागून १६ आठवडे उपचार दिले : बेक यांची पद्धती, नात्यांवर भर देणारा आंतरवैयक्तिक उपचार, इमिप्रामिन हे औषध, आणि औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी, शेवटच्या दोन्हींसोबत डॉक्टरांची नियमित भेट. १९८९ मध्ये मुख्य निष्कर्ष आले, आणि कोणती पद्धत जिंकली यावर वर्षानुवर्षे वाद झाला. येल विद्यापीठाचे सिडनी ब्लॅट यांनी त्याच नोंदी पुन्हा उघडून वेगळाच प्रश्न विचारला. उपचार कोणताही असो, कोणता रुग्ण बरा होत नाही? १९९५ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी दिलेले उत्तर असे की उपचाराच्या आरंभी ज्यांच्यात परिपूर्णतेचा आग्रह अधिक, ते चारही गटांत मागे राहिले. पुढील विश्लेषणांतून आणखी दोन गोष्टी निघाल्या. असे रुग्ण पहिल्या निम्म्या काळात इतरांप्रमाणे सुधारतात आणि उत्तरार्धात, उपचार संपण्याचा दिवस जवळ येऊ लागला की, त्यांची प्रगती थांबते. आणि उपचारकाशी त्यांचे नाते जुळते की नाही, यावर बरेच काही अवलंबून असते.

सोळा आठवड्यांची मुदत ठरलेली आहे, दर आठवड्याला प्रश्नावली भरावयाची आहे, आपण सुधारत आहोत का हे कोणी मोजत आहे. परिपूर्णतेच्या आग्रहाने ग्रासलेल्या माणसाला याहून ओळखीचे दृश्य दुसरे कोणते असणार? उपचार हीच त्याची नवी परीक्षा झाली. ब्लॅट यांनी हे नेमके याच शब्दांत म्हटलेले नाही, हा अर्थ माझा आहे. पण त्यांच्या नोंदींशी तो जुळतो. पद्धतींची तुलना करताना आपण जो हिशेब मांडतो, कोणाचे गुण किती, तोच हिशेब या रुग्णाच्या आजाराचा भाग असतो. दिलेला गृहपाठ तो इतका काटेकोर करून आणतो की उपचारक खूश होतो आणि रुग्ण आतून खचत जातो.

या अनुभवातून ह्युइट आणि फ्लेट यांनी सॅम्युएल मिकेल यांच्यासमवेत दुसरी वाट धरली, आणि २०१७ च्या ग्रंथात ती सविस्तर मांडली. त्यांच्या मते निर्दोष होण्याचा अट्टहास हा मुळात स्वीकारले जाण्याचा अट्टहास होय. लहानपणी ज्याला जागा मिळाली नाही, तो निर्दोष होऊन जागा मिळवू पाहतो. म्हणून त्यांचा उपचार विचाराशी वाद घालत नाही. गटात बसलेली माणसे एकमेकांशी कशी वागतात, कोण आपली चूक लपवितो, कोण आधीच माफी मागतो, यावर तो काम करतो. मला ही मांडणी सर्वांत खोल वाटते. परंतु एका ठिकाणी ती आपल्याला पुरत नाही. समाजाकडून लादलेल्या आग्रहाची त्यांची व्याख्या ‘लोकांची अशी अपेक्षा आहे असे वाटणे’ अशी आहे. सारा भार ‘वाटणे’ या शब्दावर आहे.

येथे आंबेडकरी वाचकाने थांबले पाहिजे. वसतिगृहात, प्रयोगशाळेत, शासकीय कचेरीत आपल्या मुलाकडे ‘कोट्यातून आलेला’ म्हणून पाहिले जाते, तेव्हा ते त्याला केवळ वाटत नसते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या वागणुकीविषयी प्रा. सुखदेव थोरात समितीने २००७ मध्ये दिलेला अहवाल आपल्यासमोर आहे. २०१६ मध्ये रोहित वेमुला आणि २०१९ मध्ये डॉ. पायल तडवी गेले, हे आपण विसरलेलो नाही. या मृत्यूंचे कारण त्यांच्या स्वभावात शोधणे हा दुहेरी अन्याय होईल आणि तो येथे करावयाचा नाही. मुद्दा एवढाच की इतरांची एक चूक ही त्या व्यक्तीची चूक ठरते, आणि आपल्या मुलाची एक चूक ही साऱ्या समाजाच्या लायकीचा पुरावा ठरते. अशा स्थितीत चूक न करण्याचा आग्रह हा बुद्धिभ्रंश नसतो. कित्येकदा तो जगण्याचा हिशेबी मार्ग असतो. तो माणसाला खातो, हेही तितकेच खरे. ब्लॅट यांच्या प्रसिद्ध निबंधात तीन बुद्धिमान व यशस्वी पुरुषांच्या आत्मघातापासून सुरुवात होते. ते शिखरावर पोहोचलेले होते. आपला तरुण अजून पायवाटेवर आहे, आणि ती वाटही त्याच्या गावासारखीच बुडालेली आहे.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात दुःखाचे ओझे एकट्या व्यक्तीच्या मनावर टाकण्याचे नाकारले, हे येथे आठवावे. प्रस्तावनेतच त्यांनी चार आर्यसत्यांच्या रूढ मांडणीबद्दल शंका उपस्थित केली. सिद्धार्थाच्या गृहत्यागाची कथाही त्यांनी बदलून सांगितली : वृद्ध, रोगी आणि प्रेत यांच्या दर्शनाऐवजी शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा त्यांनी केंद्रस्थानी आणला. पाण्यावरून उद्भवलेल्या दुःखाचा मार्ग शोधण्यास निघालेला सिद्धार्थ वैनगंगेच्या काठच्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागू नये. मात्र बाबासाहेबांनी मनाचे महत्त्व कमी केले नाही. त्यांच्या धम्मात मनाला संस्कारित करणे आणि माणसा-माणसांतील अन्याय दूर करणे या दोन्ही गोष्टी आहेत, आणि एकीच्या नावाखाली दुसरी टाळता येत नाही.

स्मृतीवर, म्हणजे सतिवर, आधारलेल्या उपचाराकडे आपले वाचक साहजिकच उत्सुकतेने पाहतील. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये शारीरिक वेदनांच्या रुग्णांसाठी जो आठ आठवड्यांचा क्रम सुरू केला, त्याला सीगल, विल्यम्स आणि टीसडेल यांनी २००२ पर्यंत विषाद उलटू नये यासाठीच्या उपचाराचे रूप दिले. विचार खोटा ठरवावयाचा नाही, तो आला-गेला हे पाहावयाचे. परिपूर्णतेच्या आग्रहावर या पद्धतीची एक थेट तुलना झाली आहे. लंडनमधील संशोधक जेम्स आणि राइम्स यांनी २०१८ मध्ये ६० विद्यार्थ्यांचा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला सतिचा वर्ग, दुसऱ्याला बेक यांच्या पद्धतीचे स्वयंसाहाय्य पुस्तक. सतिच्या गटात आग्रह अधिक कमी झाला आणि दहा आठवड्यांनंतरही तो फरक टिकला. आपल्याकडील उत्साही मंडळी हा निष्कर्ष धम्माचा विजय म्हणून उद्धृत करतील, म्हणून सावध करणे आवश्यक आहे. एका गटाला शिक्षक होता, सहाध्यायी होते, दर आठवड्याला बसण्याची जागा होती. दुसऱ्याच्या हाती पुस्तक होते आणि तो एकटा होता. विजय ध्यानाचा की सोबतीचा, हे त्या प्रयोगावरून ठरत नाही. कल्याणमित्रतेला तथागतांनी दिलेले स्थान पाहता, उत्तर सोबत असे निघाले तरी बौद्धांना वाईट वाटण्याचे कारण नाही.

शिवाय ध्यानालाही परीक्षेचे रूप येते. दहा दिवसांच्या शिबिरातून परतलेले काही तरुण ‘मला जमले नाही’ असे म्हणत अधिक खिन्न झालेले आढळतात. शिबिराचे अर्ज मानसिक आजाराविषयी विचारणा करतात ते उगीच नव्हे. तीव्र विषादाच्या माणसाला मौनात एकटे बसविणे हा उपचार नव्हे, हे विहारांतून स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे.

पाली वाङ्मयात परिपूर्णतेच्या आग्रहाचे एक उदाहरण इतके नेमके आहे की या चर्चेत त्याचा उल्लेख क्वचितच होतो याचे आश्चर्य वाटते. सोण कोळिविस हा श्रीमंत घरातील नाजूक तरुण भिक्खू झाला आणि राजगृहाजवळ सीतवनात चंक्रमण करू लागला. तळपाय फुटून रक्त वाहिले, तरी तो थांबेना. मुक्ती मिळेना, तेव्हा त्याच्या मनात आले की हे आपल्याला साधणारे नाही, घरी परतावे. कमालीचे परिश्रम आणि त्यानंतर सारेच सोडून देणे, या दोन टोकांमधील झोका आपण गोसीखुर्दच्या अभ्यासिकेत पाहिला आहे. तथागत स्वतः त्याच्याकडे गेले. त्यांनी त्याचा विचार खोडला नाही, ध्येयही खाली आणले नाही. सोण वीणा वाजवीत असे. तार फार ताणली किंवा फार सैल सोडली तर काय होते, हे त्याच्याकडूनच वदवून घेतले आणि विरियाची समता सांगितली. प्रश्न विचारण्याची ही रीत बेक यांना ओळखीची वाटली असती. परंतु बेक यांच्या दवाखान्यात रुग्ण येतो. येथे उपचारक उठून रुग्णाकडे गेला.

विनयपिटकात या कथेचा पुढील भाग आहे, आणि तो अंगुत्तर निकायातील वीणेच्या दृष्टान्ताइतका कोणी सांगत नाही. सोणाने अर्हत्पद मिळविल्यानंतर तथागतांनी त्याला एका तळाच्या पायताणांची परवानगी दिली. सोणाने ती एकट्यासाठी नाकारली. एवढी संपत्ती सोडून आलेला सोण आता पायताणात गुंतला, असे लोक म्हणतील; संघाला परवानगी मिळाली तर मीही वापरीन, असे तो म्हणाला. तेव्हा तथागतांनी नियम साऱ्या संघासाठी बदलला. ज्या जमिनीवर पाय फुटतात त्या जमिनीचा विचार उपचारात आला, आणि तो एका व्यक्तीपुरता राहिला नाही. वर पाहिलेल्या उपचारांपैकी एकाच्याही आराखड्यात हे दुसरे पाऊल नाही. तथागतांचे नाते कोणाशी जोडावयाचे या आरंभीच्या प्रश्नाचे माझे उत्तर याच दोन पावलांत आहे. पहिल्यापुरते ते बेक आणि ह्युइट यांच्याशी जुळते; दुसऱ्यासाठी आपल्याला बाबासाहेबांकडेच यावे लागते.

अभिधम्मातील ‘मान’ या संकल्पनेचाही येथे उपयोग आहे. मी श्रेष्ठ, मी समान आणि मी हीन, ही तिन्ही मानाचीच रूपे मानली आहेत. स्वतःला सतत कमी लेखणारा माणूसही मोजपट्टीतून सुटलेला नसतो, हे निरीक्षण फार सूक्ष्म आहे. पण ज्याला पिढ्यान्‌पिढ्या हीन म्हटले गेले त्याला ‘तुझा हीनमान हा तुझाच क्लेश’ असे ऐकविणे म्हणजे जुन्या कर्मसिद्धान्ताला पाली वस्त्र नेसविणे होय. ही संकल्पना स्वतःला तपासण्यासाठी वापरावी. दुसऱ्यावर ती फेकू नये.

आता विहारांच्या प्रथांविषयी थोडे, कारण टीका स्वतःच्या अंगणातही यावी. चौदा एप्रिलच्या सुमारास महाराष्ट्रात अनेक ठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. वर्षातून एक दिवस बाबासाहेबांच्या व्यासंगाला दिलेली ती मानवंदना आहे, आणि तिच्यात सामुदायिकतेचा आनंदही आहे. आक्षेप आहे तो नंतरच्या तीनशे चौसष्ट दिवसांना. ‘बाबासाहेब अठरा तास अभ्यास करीत, तू किती करतोस?’ हा प्रश्न घराघरांत चाबकासारखा वापरला जातो. त्याच घरांत हे सांगितले जात नाही की १९०७ साली मॅट्रिकला भीमराव आंबेडकरांना ७५० पैकी २८२ गुण होते. हेही सांगितले जात नाही की त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध १९२३ मध्ये लंडनच्या परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला होता, आणि त्यांनी तो दुरुस्त करून त्याच वर्षी पुन्हा सादर केला.

त्या २८२ गुणांवर मुंबईत सत्कारसभा झाली. अध्यक्षस्थानी सीताराम केशव बोले होते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले. शेकडा अडतीसही भरत नाहीत अशा गुणांवरचा तो सत्कार होता, आणि त्या भेटीचे पुढे काय झाले हे आपण सर्व जाणतो. आज आपल्या विहारांतील गुणवंतांच्या सत्काराची यादी नव्वद टक्क्यांपासून सुरू होते. पुनर्वसित गावातून दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा बसलेल्या मुलीला त्या व्यासपीठावर जागा नसते. ती मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजविते.

विहारात उपचारक नसतो आणि त्याने तसे सोंगही घेऊ नये. झोप उडाली, अन्न जाईना, जगण्याविषयी निरवानिरवीची भाषा निघू लागली, तर त्या तरुणाला कोणीतरी सोबत करून शासकीय रुग्णालयात डॉक्टरांकडे नेले पाहिजे. ऑक्टोबर २०२२ पासून शासनाची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे. तो क्रमांक विहाराच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहावा. त्याखेरीज पौर्णिमेच्या वंदनेनंतर आठ-दहा तरुणांनी वर्तुळात बसावे आणि त्या महिन्यात आपले काय चुकले ते एकमेकांना सांगावे, असा क्रम सुरू करण्यास पैसा लागत नाही. भिक्खुसंघात उपोसथाच्या दिवशी आपल्या चुका सहभिक्खूजवळ उघड करण्याची परंपरा आहेच. त्या वर्तुळात हजेरी घेऊ नये, आणि कोण किती सुधारला याची नोंदही ठेवू नये. अभ्यासिकेचे कुलूप रात्री दहाला लावावे, आणि किल्ली त्या मुलांपैकी कोणाकडेच देऊ नये.